कोळशाचा बर्फ

"पांढरं बाहेर नको टाकू वं, काळं होते!"

कोळसा खाणींच्या घुग्घुसमध्ये लहानपणी अंगणात धुणं वाळत घालताना ऐकलेली आईची ती हाक नंदिनीला थेट उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रात आठवली. निसर्गचित्रं काढणाऱ्यांना घेऊन निघालेलं जहाज बर्फाच्या कड्यासमोर थांबलं होतं. वर पांढरं, खाली पाण्यात पांढरं. पांढऱ्याच्या पोटी निळं, निळ्याच्या पोटी उजेड. कडा आतून कण्हला, आणि गावाएवढा तुकडा सावकाश पाण्यात उतरला. आवाज मागाहून आला. नंदिनीचे हात आपोआप जोडले गेले.

जलरंग काढले, तर कुंचल्यावरच पाणी गोठलं. मग तिनं कोळशाची कांडी घेतली.

महिन्याभरानं तीच चित्रं तिनं घरी खाटेवर मांडली. दाराबाहेर ट्रकांची धूळ उडत होती. तिचे बाबा, खुशालभाऊ, यांना कोळसा खाणीतून निवृत्त होऊन वर्षं लोटली होती. तरी ते हात पाठीमागे बांधून लांबूनच पाहत होते. तिच्या कुठल्याच चित्राला त्यांनी आजवर हात लावला नव्हता. आवडत नसावीत, असं ती धरून चालली होती. आज मात्र एक तरी चित्र त्यांनी हातात घ्यावं, एवढंच तिला हवं होतं.

"बाप रे! एवढं पांढरं," ते म्हणाले. "अन् कोनी हात नाई लावला त्याले?"

"नाई बाबा. घ्या, जवळून पाहा."

"राहू दे. दुरूनच बरं दिसते."

आई हसली. "घ्या ना! चावते का काय बरफ?"

"पांढरा रंग कोनता लावला वं, नंदे?" बाबांनी लांबूनच विचारलं.

"लावलाच नाई. कोरा कागद हाय तो. बाजूनं काळं भरलं, तवा बरफ दिसला. कोळशानं काढलं."

"कोळशानं?"

"लाकडाच्या, बाबा. तुमच्या खाणीतला नाई."

बाबा हसले नाहीत. पाठीमागचा हात पुढे आला. नखांच्या कडांना अजून काळी रेघ होती. कोऱ्या जागेवर तो क्षणभर अधांतरी राहिला, मग टेकला.

"तू झाली ना," कागदाकडेच पाहत ते म्हणाले, "पांढऱ्या दुपट्यात होती. ड्युटीवरून आलो का दारातूनच पाहो तुले. लई घ्यावंसं वाटे. डाग लागन म्हणून घेतलं नाई."