डोंगरावरून अर्धा तास

"माझं वजन कशाला हवंय त्यांना? बकरी म्हणून विकायला काढलंय का मला?"

शैखा पुटपुटली, पण अशा बेतानं की बैठकीतल्या नवऱ्यालाही ऐकू जावं. समोर जमिनीवर वजनकाटा होता आणि काट्याशेजारी कागद-पेन घेऊन तिची लेक अफ्रा.

"यम्मा, सगळ्यांचंच विचारतात. हेलिकॉप्टरमध्ये कुणी कुठे बसायचं ते वजनावर ठरतं."

"सत्तर लिही."

"तिथे गेल्यावर परत मोजतात."

"तिथलं तिथे बघू. घरात सत्तर."

अफ्रानं काट्याकडे बघितलं आणि चौऱ्याऐंशी लिहिलं. बावीस वर्षं ती आरोग्य केंद्रात नर्स होती. बायका काट्यावर चढताना आधी चपला काढतात, मग बांगड्या, आणि शेवटी श्वास रोखतात, हे तिला पाठ होतं. खरा आकडा मोठ्यानं वाचायचा नाही, हेही ती तिथेच शिकली होती. लग्न झालं नाही, ते राहूनच गेलं. त्याची खंत करायला तिला कधी फुरसत मिळाली नव्हती. आईबाप होते, अंगणात दोन खजुरीची झाडं होती, आणि भाऊ हमदान दर मोठ्या सुट्टीला अबुधाबीहून गाडीभर सामान घेऊन येत होता.

या वेळी राष्ट्रदिनाची सुट्टी शुक्रवार-शनिवारला जोडून आली होती आणि हमदाननं बक्षीस जाहीर केलं होतं: आईबाबांना हेलिकॉप्टरची सैर. फेरी मात्र निवडायची होती, आणि तिथेच दोन दिवस घोडं अडलं होतं.

"ही बघा, समुद्रावरची," हमदान वडिलांच्या पुढ्यात मोबाइल नाचवत म्हणाला. "वीस मिनिटं. बेटं, हॉटेलं, खारफुटी. गुलाबी पक्षीसुद्धा दिसतात म्हणे."

"समुद्र मी पाहिलाय," सुहैल म्हणाला.

"वरून नाही ना पाहिलात!"

"वरूनच पाहिलाय. चाळीस वर्षं डोंगरावर राहून खाली बघितलं की समुद्रच दिसायचा." त्यानं कॉफीची वाटी पुढे केली. "मला डोंगरावरची फेरी पाहिजे. अर्ध्या तासाची. आपल्या घरावरून."

'आपलं घर' म्हणजे हे नव्हे, हे सगळ्यांना कळत होतं. या पालिकेच्या घरात ते तीस वर्षं राहत होते, पण सुहैलच्या लेखी ते 'खालचं' होतं. हे घर मिळालं तेव्हा पहिले तीन महिने तो अंगणात झोपला. म्हणे, छत फार गुळगुळीत आहे, झोप येत नाही. पुढे पालिकेच्या पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर झाला. आठवडाभर दारोदार पाणी पोचवायचा आणि सुट्टी लागली की चार तास चढून वर जायचा, दोन दिवस भिंतीचे दगड नीट लावायचा, बार्लीच्या वाफ्यांतलं गवत उपटायचा, आणि जग जिंकल्यासारखा खाली यायचा. चार वर्षांपूर्वी गुडघ्यांनी हात टेकले. तेव्हापासून तो संध्याकाळी टीव्हीकडे पाठ करून, डोंगराकडे तोंड करून बसतो. कुरकुर नाही. खजूर खातो, बिया मोजून बशीत ठेवतो.

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात झालेल्या जोरदार पावसानंतर हमदान चुलतभावाला घेऊन वर जाऊन आला होता. घराचं छत पडलं होतं. त्यानं काढलेला फोटो अफ्राच्या मोबाइलमध्ये होता. शैखानं एकदाच पाहिला, काचेवरून ओढणीचं टोक फिरवलं आणि परत दिला. बाबांना सांगायचं नाही, असं कुणी ठरवलं नव्हतं. पण सांगितलं मात्र कुणीच नाही. हमदान आल्यावर बाबा विचारायचे, "वरचं कसं आहे?" आणि तो म्हणायचा, "आहे तसंच." त्या 'आहे तसंच'वर म्हातारा दोन वर्षं मजेत जगत होता, असं या तिघांना वाटत होतं. आणि आता समुद्रावरची फेरी पदरात पडली नाही, तर सगळं उघडं पडणार होतं, तेही बंद काचेच्या खोक्यात, आकाशात.

"डोंगराकडे वारा फार असतो, बाबा," अफ्रा म्हणाली.

"असतो. मला सांगतेस होय?"

"यम्माला चक्कर येते."

"हमदानच्या आई, येते का चक्कर?"

"मला?" शैखानं मुलांकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. इतक्या वर्षांत ती त्याच्याशी धड खोटं बोलायला शिकली नव्हती. "वजन विचारल्यावर येते."

सुहैल खळखळून हसला आणि उठला. "चला, माझं घ्या." हातातल्या, टोकाला छोटी कुऱ्हाड असलेल्या काठीसकट तो काट्यावर चढला. डोंगरातला पुरुष लग्नाला जाताना, दवाखान्यात जाताना ती सोडत नाही; मेला तर खांद्यावरून जाताना तेवढी सोडत असेल.

"बाबा, ती खाली ठेवा. हेलिकॉप्टरमध्ये नेऊ देणार नाहीत," अफ्रा म्हणाली.

"का?"

"हत्यार आहे ते."

"हत्यार! यानं मी आयुष्यात फक्त तुझ्या मामाला घाबरवलंय. तेही त्यानं माझी शेळी नेली म्हणून."

"माझ्या भावानं शेळी नेली नव्हती," स्वयंपाकघरात गेलेल्या शैखाचा आतून आवाज आला. "शेळीच त्याच्या मागे गेली होती."

"हो, दोरी हातात धरून गेली होती."

हमदानला हीच संधी वाटली. "बघा, काठी नेऊ देत नाहीत म्हटल्यावर तुम्हाला डोंगराची फेरी काय गोड लागणार? समुद्राचीच घेऊ."

सुहैलनं काठी भिंतीला टेकवली. काट्यावरून उतरला, दोन पावलं काठीशिवाय चालून दाखवली आणि खुर्चीत बसला. "झालं? आता लाव फोन."

अफ्राला ती दोन पावलं बघवली नाहीत. गुडघ्यातली कळ त्याच्या ओठांवर उमटली होती आणि त्यानं ती हसण्यात दडवली होती. एवढं ज्याला हवंय, त्याला आणखी किती थोपवायचं? तिनं भावाच्या हातातून मोबाइल घेतला, फोन लावला आणि आवाज मोठा करून मध्ये ठेवला. हमदाननं डोळे वटारले. ती डोंगराकडे बघत राहिली.

बुकिंगवरची मुलगी मोठी लाघवी होती. शनिवारी सकाळी नऊची फेरी रिकामी आहे म्हणाली. वजनं लिहून घेतली. चौऱ्याऐंशी ऐकून शैखानं आतून भांडं आपटलं.

"मुली," सुहैल फोनकडे वाकून म्हणाला, "मोठ्या कड्याच्या मागे, तिसऱ्या खांद्यावर एक गाव आहे. रिकामंच आहे. तिथे एक घिरटी मारता येईल का?"

"विचारते हं, आजोबा." थोडा वेळ नुसती खरखर. मग, "येईल म्हणतात पायलट. हवा चांगली असली तर. तिथे काय बघायचंय तुम्हाला?"

"माझं घर."

"अय्या, किती छान! पायलटला लांबून ओळखता यावं म्हणून विचारते, छत कसं आहे घराचं?"

हमदानचा हात फोन बंद करायला पुढे आला. शैखा ओल्या हातानं दारात येऊन उभी राहिली. सुहैलनं मुलाचा हात मनगटाशी हळूच धरला, लहानपणी चढावर धरायचा तसा, आणि बाजूला केला.

"छत नाही त्याला, मुली. पडून दोन वर्षं झाली," तो म्हणाला. "पुतण्या बोलून गेला; माझ्या पोरांना सांगवत नाही. छत नाही म्हणून तर वरून जायचंय. माझ्या बापानं आधी धान्याचे रांजण ठेवले आणि मग त्यांच्याभोवती भिंती उठवल्या. दारातून ते निघत नाहीत. आता वरून आत दिसेल. त्याला सांग, मोठमोठे तीन रांजण उघड्यावर दिसले की तेच माझं घर."