लक्ष्मीपूजनातला ड्यूक

आमच्या देवघरात इतकी वर्षं एका जर्मन ड्यूकला हळदकुंकू लागत होतं आणि आम्हाला त्याचा पत्ताच नव्हता. बहारीनला आलो त्या पहिल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाचं चांदीचं नाणं पुण्यालाच राहिलं होतं. आमचे हे, म्हणजे सदानंदराव, मनामाच्या सूकमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात गेले आणि एका जुन्यापुराण्या वस्तूंच्या दुकानातून हे नाणं घेऊन आले. एका बाजूला लांब दाढीवाला माणूस, दुसऱ्या बाजूला पंख पसरलेला पक्षी. "अगं, गरुड आहे. म्हणजे लक्ष्मीच्या घरचाच," ते म्हणाले. दाढीवाल्याची चौकशी कोणी केलीच नाही. दर दिवाळीला सदानंदराव त्याला रांगोळीच्या पुडीने खसाखसा घासत. घरातलं तेवढं एकच काम त्यांच्याकडे होतं, आणि ते मात्र मन लावून करायचे.

यंदा गणपतीआधी देवघर आवरताना आमच्या निधीने मोबाइलवर नाण्याचा फोटो काढला आणि नेटवर शोधला. ती इथेच शिकलेली; मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. जरा वेळाने हसत सुटली. "आई, ही वॉज द थिएटर ड्यूक!"

माइनिंगेन नावाच्या चिमुकल्या संस्थानाचा हा दुसरा गेऑर्ग. नाटकाचं भयंकर वेड. पडदे, पोशाख यांची चित्रं स्वतः काढायचा, तालमी स्वतः घ्यायचा, आणि लग्नही केलं ते नटीशी. त्याची शिस्त अशी की आज जो नायक, तो उद्या गर्दीत मुकाट्याने उभा राहणार. नवख्या माणसांचे लहान लहान गट करायचे आणि प्रत्येक गटात एक मुरलेला नट घालायचा. मी नाणं हातात घेतलं आणि म्हटलं, बाबा रे, इतकी वर्षं घरात होतास, आधी का नाही बोललास?

कारण नायकाला गर्दीत कसं उभं करायचं, हाच प्रश्न माझ्यासमोर होता. डिसेंबरात सदानंदराव निवृत्त होणार, व्हिसा संपणार, आम्ही कायमचे पुण्याला जाणार. इथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक नाटकात ते नायक आणि मी विंगेत, हातात संहिता घेऊन, त्यांची विसरलेली वाक्यं पुटपुटणारी. जाण्याआधी एक नाटक मला माझ्या मनासारखं बसवायचं होतं. एकच. त्यानंतर संधी नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

नाटक कोळ्यांच्या गावाचं. एक होडी परतलेली नाही आणि अख्खं गाव किनाऱ्यावर वाट पाहत उभं आहे. तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, थेट तिसऱ्या अंकात येतो; ते काम अर्थातच सदानंदरावांचं. खरं नाटक आहे ते त्या गर्दीचं. समुद्र आम्ही मागच्या उजव्या विंगेत मानला होता. मी गर्दीचे दोन गट केले आणि पुढच्या गटात सदानंदरावांना उभं राहायला सांगितलं.

"मीच होडीत आणि मीच किनाऱ्यावर?"

"घोंगडी पांघरून उभं राहायचं. पाठमोरं. कोणी ओळखणार नाही."

हेच वर्मी लागलं. "मी आजवर प्रेक्षकांना पाठ दाखवलेली नाही, सुनीता."

"मग आता दाखवा. तिसऱ्या अंकात तांडेल करायचा असेल, तर पहिल्या अंकात गर्दीत यायचं. दोन्ही, नाहीतर एकही नाही."

"मग एकही नाही," म्हणाले आणि गाडीची किल्ली घेऊन निघूनही गेले.

मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. लोक सदानंदरावांसाठी येतात, वहिनी, जरा समजून घ्या. मी म्हटलं, मी इतकी वर्षं समजूनच घेतेय. तांडेलाचं काम मी आलोशियसला दिलं. तो वसईचा, मुहर्रकला विमानतळावर नोकरीला. शिफ्ट संपली की धावत यायचा. पाठांतर कच्चं, पण होडीतून उतरणारा माणूस कसा चालतो हे त्याने लहानपणापासून पाहिलेलं. दुसरा गट सलमानिया भागात राहणाऱ्या, कामात मुरलेल्या मार्सेलिनाने धरला. पुढच्या गटाला मात्र कोणी धरणारं नव्हतं. त्यातली माणसं समुद्राकडे बघायची सोडून एकमेकांकडे बघून हसायची. मी त्यांच्यामधली सदानंदरावांची जागा रिकामीच ठेवली. तिथे दुसरं कोणी उभं केलं नाही. हट्टीपणा म्हणा हवं तर.

घरात बोलणं चहा-जेवणापुरतं. मला रडू यायचं ते स्वयंपाकघरात, पण तालमीत मी एक पाऊल मागे घेतलं नाही.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सदानंदराव सवयीने नाणं घासायला बसले. बराच वेळ घासण्याचा आवाज नाही म्हणून मी डोकावले. नाणं खिडकीच्या उजेडात धरून बसले होते.

"अगं, याचा चेहराच गेलाय. नाक आणि थोडी दाढी, बस्स. मीच घासून घासून घालवला."

"चेहरा गेला तरी पूजेतली जागा आहेच ना त्याची," मी म्हटलं. मला टोमणा मारायचा नव्हता. तोंडून निघून गेलं.

त्यांनी अंगठ्याने नाण्यावरची पूड पुसली. मग विचारलं, "हा स्वतः काम करायचा का गं नाटकात?"

"नाही. बसवायचा. लोकांपुढे दुसरेच यायचे."

"म्हणजे तुझ्यासारखा."

पुढच्या तालमीला ते दारात उभे होते. हातात घरातलीच घोंगडी. आलोशियस गडबडला. "काका, तुमचा रोल तुमी घ्या, मी बाजूला होतो."

मी तोंड उघडणार, तोच सदानंदराव म्हणाले, "खलास. तांडेल तुझा. मला माझी जागा दाखव, सुनीता." मी बोट दाखवलं. ते जाऊन उभे राहिले, शेजारच्या पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि उजव्या विंगेकडे बघू लागले. त्या गटातलं हसणं त्या दिवसापासून बंद झालं.

प्रयोगाला सभागृह भरलं होतं. पडदा वर गेला, आणि पहिल्या रांगेत कुजबुज सुरू झाली: सदानंद कुठेय? मी मागच्या उजव्या विंगेत, माझ्या नेहमीच्या जागी उभी होते. अख्खं गाव समुद्राकडे बघत होतं, म्हणजे माझ्याकडेच. कुजबुज हळूहळू थांबली.

इतकी वर्षं हे लोकांकडे तोंड करून रडले, आणि मला विंगेतून दिसायचा तो फक्त एक कान. आज पाठ लोकांकडे होती. घोंगडीतल्या त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ओठ थरथरत होते, आणि त्यांना एकही वाक्य नव्हतं. इतकं चांगलं काम त्यांनी कधीच केलं नव्हतं. सभागृहात ते फक्त मला दिसत होतं.