आवळलेली मूठ

एम. ए. मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षी मैत्रीला प्रात्यक्षिकासाठी पिंपरीतलं एक पुनर्वसन केंद्र मिळालं. तिथं महाळुंग्याचे कोंडीराम यायचे. दोन वर्षांपूर्वी प्रेस मशीनखाली त्यांचा उजवा हात मनगटापासून गेला होता. पहिल्या दोन भेटींत ते गावाबद्दल, शेतांवर उभ्या राहिलेल्या कंपन्यांबद्दल बोलत राहिले. तिसऱ्या भेटीत मान खाली घालून म्हणाले, "पोरी, हसू नगंस. जो हात न्हाई, त्याची मूठ आवळलेली हाय. नखं तळव्यात रुतत्यात."

लोक खुळ्यात काढतील म्हणून हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

मैत्री हसली नाही. हात गेलेल्या पुष्कळांना असं होतं, एवढंच तिनं सांगितलं. तेवढ्यानंच कोंडीराम खुर्चीत जरा सैलावले. यावर तिनं परीक्षेत पाच मार्कांचं उत्तर लिहिलं होतं, पण ते खरं होताना पाहिलं नव्हतं.

केंद्रातल्या प्राजक्ता मॅडमना विचारून पुढच्या भेटीला तिनं टेबलावर आरसा उभा केला. थोटा हात आरशाच्या मागं, डावा पुढं. आरशात डाव्याचं प्रतिबिंब पडलं आणि उजव्याच्या जागी धडधाकट हात दिसू लागला.

"दोन्ही मुठी आवळा काका. आता हळूहळू सोडा."

डावी मूठ उघडली, तशी आरशातलीही उघडली.

"सुटली," कोंडीराम पुटपुटले.

बोलायचं ठरवलेलं सगळं मैत्री विसरली. ते एकेक बोट हलवून बघत होते, आणि ती नुसती पाहत राहिली.

मग त्यांनी बाहेर बसलेल्या बायकोला बोलवायला सांगितलं. सरूबाई आल्या, आरशात पाहून जागीच थबकल्या. जवळ येऊन त्यांनी नवऱ्याच्या डाव्या तळव्यावर आपला हात ठेवला; आरशात तो उजव्यावर ठेवल्यासारखा दिसला.

"तुजा हात गार हाय," कोंडीराम आरशातून नजर न काढता म्हणाले.

"मगाशी नळावर धुतला न्हवं."

"ह्या हाताला न्हाई. त्या हाताला गार लागतोय."

सरूबाईंनी मैत्रीकडं पाहिलं. मैत्रीनं होकारार्थी मान हलवली. सरूबाईंनी हात काढला नाही, तिथंच खुर्ची ओढून बसल्या.

तिसऱ्या दिवशी मूठ पुन्हा आवळली. केंद्रानं आरसा घरी न्यायला दिला. आता रोज सकाळी सरूबाई तो धरून बसतात. मूठ अजून मिटते, पण पहिल्यासारखी दिवसभर राहत नाही.