बोटं खाणारी प्रेस

मी पत्र्याला आकार देणारी प्रेस बोलतेय. शेडमधल्या बाया मला 'बोटं खाणारी' म्हणतात. म्हणू देत. पण मी कधी कुणाची बोटं मागितली नव्हती.

ज्यांनी मला घडवलं, त्यांनी मला एकमेकांपासून लांब अशी दोन बटणं दिली. दोन्ही हात दोन्ही बटणांवर असले, तरच माझा वरचा साचा खाली यायचा. हात माझ्या तोंडात सापडायची भीतीच नव्हती.

जुनी झाल्यावर मला कराडजवळच्या वीरधवल नावाच्या मालकानं घेतलं.

"दोन-दोन बटणं दाबत बसल्यावर माल कवा निघायचा?" म्हणत त्यानं एक बटण तारेनं कायमचं जोडून टाकलं. मग एक हात बटणावर, दुसरा पत्र्यावर. माल भराभर निघू लागला. बाया मात्र त्या तापलेल्या शेडात उकडून निघत. पाणी प्यायला उठलं तरी सुपरवायझर भाऊसो खेकसायचा.

माझ्यावर राहीबाई बसायची. मेढ्याकडची, कामाला चपळ. त्या दिवशी ट्रक दारात उभा होता, म्हणून मालकानं जेवणाची सुट्टीसुद्धा दिली नाही. पत्रा वाकडा बसला. तो सरळ करायला तिनं डावा हात आत घातला, आणि सवयीनं उजव्या हातानं बटण दाबलं गेलं. मला थांबता येत नाही. तिची दोन बोटं गेली.

तिला दवाखान्यात नेलं. इकडे मालकानं घाईनं तार काढली. तपासणीला सरकारी साहेब आले, तेव्हा त्यांना दोन्ही बटणं दाबून दाखवली.

"बाईचंच ध्यान नव्हतं, साहेब."

दोन्ही हात बटणांवर असताना बोटं आत गेली कशी, हे साहेबांनी विचारलं नाही. चहा घेतला आणि गेले. दुसऱ्या दिवशी तार पुन्हा लागली.

हात बरा झाल्यावर राहीबाई परत आली. तिला झाडू दिला. माझ्यापुढं संयोगिता नावाची नवी बाई बसवली. ती बटणाला हात लावणार, तोच राहीबाईनं झाडू टाकला आणि माझा मेन स्विच बंद केला.

मालक धावत आला. "काय चाललंय गं?"

"आदी तार काढा. मग चालू करा."

"बोटं गेली तरी मस्ती गेली न्हाई व्हय तुझी?"

"बोटं गेली. तोंड हाय अजून."

मालकानं तिला तिथल्या तिथं कामावरून काढलं. ती निघाली. तिच्यामागं संयोगिता उठली, मग एकेक करत सगळ्याच. आता त्या गेटाबाहेर बसल्यात.

आज मालक चिडून स्वतःच माझ्यापुढं बसला. "बायांना जमतंय, मला न्हाई व्हय जमत?" भाऊसोला म्हणाला. त्यानं पत्रा ठेवला. पत्रा वाकडा बसला. सरळ करायला त्यानं हात पुढं केला. माझ्या साच्यापाशी येऊन तो हात थांबला आणि मागं गेला. मालक उठला. भाऊसोकडं न बघताच बाहेर पडला.

बायांनो, तो आता गोड बोलत तुमच्याकडं येईल. तार तशीच आहे. आत येऊ नका. मला गंजू द्या.