कोकराच्या लोकरीची घोंगडी

भुजंगचं पत्र येऊन वर्ष होत आलं होतं. ताडकळसच्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं. ‘गुर्जी, त्या कोकराची लोकर घालून तुमच्यासाठी घोंगडी विणलीय. कधी नेता?’ मी कितीदा तरी उत्तर लिहायला बसलो आणि कागद फाडला. ही कसल्या उपकारांची फेड, हेच मला कळेना.

१९५५ चा उन्हाळा. परभणीहून हिंगोलीकडे जाणारी मिक्स गाडी, पुढे मालडबे, मागे माणसांचे. मी वसमतला घरी निघालो होतो. समोर भुजंग आणि त्याची बायको म्हाळसाबाई. त्यांचं मेंढरांचं सगळं खांड लगतच्या मालडब्यात होतं. गर्दीत तुडवलं जाऊ नये म्हणून एक नुकतं जन्मलेलं कोकरू तेवढं तिच्या मांडीवर. माझ्या हातातलं पुस्तक पाहून त्यांनी मला गुर्जी ठरवलं होतं. ते खरंही होतं.

पूर्णा स्टेशनवर भुजंग पाण्याला उतरला आणि तसाच परत आला.

“मेंढरांचा डबा न्हाई.”

“मी म्हणलं हुतं, मेंढरांसंगं बसू,” म्हाळसाबाई उठली. “तुमालाच बाकडं पायजे हुतं.” तिनं कोकरू माझ्या मांडीत टाकलं. “धरा गुर्जी. चावत न्हाई त्ये.”

दोघं इंजिनाकडे धावली. गार्डानं हिरवं निशाण काढलं. गाडी सुटली असती तर ती दोघं मागे राहिली असती आणि मेंढरं कुठल्या कुठे. मी कोकरू घेऊन उतरलो, गार्डासमोर उभा राहिलो आणि ते त्याच्यापुढे धरलं.

कोकरू ओरडलं. गाडीच्या शेपटाकडून एक मेंढी ओरडली. पुन्हा कोकरू, पुन्हा मेंढी.

“मेंढरांचा डबा ना? इथं शंटिंगमध्ये मागं जोडलाय,” गार्ड हसला. “बोलवा त्यांना. थांबतो.”

म्हाळसाबाईनं फटीतून हात घालून मेंढ्यांची तोंडं चाचपली आणि फलाटावरच बसली. “हायेत,” म्हणाली. पुढचा प्रवास दोघांनी गार्डाच्या डब्यात केला, मेंढरांना लागून.

ओरडलं कोकरू, ओळखलं मेंढीनं. मग घोंगडी मी कशी घ्यावी?

परवा हे बायकोला, मनकर्णाला, सांगितलं. ती म्हणाली, “धरून तर तुम्हीच होतात ना? त्यांनी विणून ठेवलीय. तिथं वर्षभर तुमची वाट बघत पडलीय ती.”

मग एका बैठकीत लिहिलं. ‘भुजंग, डबा कोकरानं शोधला, मी नुसतं धरलं होतं. थंडीच्या आत येतो. म्हाळसाबाईंना सांगा, भाकरी खाऊनच जाईन.’

पत्र वसमत स्टेशनच्या पेटीत टाकलं. आत पडल्याचा आवाज ऐकला, तेव्हा कुठे पेटीवरचा हात काढला.