दारवाले मामा

दाराखाली वीट सरकवलेली दिसली की विश्वजीतचं डोकं फिरायचं. मग ते दार बँकेचं असो, हॉस्पिटलचं असो, नाहीतर कुणाच्या तेराव्याच्या जेवणाच्या हॉलचं. तो वाकायचा, वीट उचलायचा आणि समोर जो कोण सापडेल त्याच्या हातात ती ठेवून विचारायचा, "एवढं मणामणाचं दार ह्या अर्ध्या विटेच्या जिवावर सोडलंत? उद्या आग लागली तर वीट काढायला कोण येणार, तुमचे तीर्थरूप?"

रिकामटेकडा माणूस असता तर लोकांनी हसून सोडून दिलं असतं, पण विश्वजीतचा धंदाच तो. कळंबोलीला, हायवेला लागून, लोखंड बाजाराच्या तोंडाशी त्याचं दुकान होतं. तिथे मोठमोठ्या इमारतींना लागणारी जड दारं मिळत आणि ती उघडी धरून ठेवायची साधनं मिळत. रबरी पाचर, पायानं दाबायचा खटका, आणि त्याचं लाडकं म्हणजे भिंतीवर बसवायचं मॅग्नेट. ते दाराला घट्ट धरून ठेवतं आणि धुराचा अलार्म वाजला की सोडून देतं. मग दार आपोआप मिटतं आणि आग पुढे जात नाही. ह्या मॅग्नेटबद्दल विश्वजीत बोलायला लागला की लोकांना अचानक कामं आठवत.

त्यानं लग्न केलं नव्हतं. नातेवाईक सांगत की तो एकदा मुलगी बघायला गेला आणि तिच्या घराचं दारच बघत बसला. खरं-खोटं देव जाणे. पण बहिणीची, अरुंधतीची मुलगी रेवा, हिच्यावर त्याचा जीव होता. रेवाच्या जन्मापासून त्याच्या मनात एकच हौस होती. गुरुजींनी माइकवरून "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं" म्हणावं आणि आपण तिला बोहल्यावर घेऊन जावं. त्यासाठी त्यानं रेशमी सोवळं नि उपरणं दोन वर्षं आधीच घेऊन ठेवलं होतं. तेव्हा रेवाचं लग्न सोडा, निनादशी ओळखसुद्धा झालेली नव्हती.

निनाद पुण्याचा. मुलगा सोन्यासारखा, घर चांगलं, आणि घरात शेवटचा शब्द आजीचा. ह्या आजींना सगळे माई म्हणत. माई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. निवृत्तीनंतर त्यांनी व्यसनमुक्तीचं काम हाती घेतलं होतं आणि निम्म्या पेठेची दारू सोडवली होती. उरलेली निम्मी पेठ त्यांना बघून गल्ली बदलायची.

घोळ झाला तो फोनवर. माई गाडीनं पनवेलला हॉल बघायला येत होत्या आणि वेळ जायला म्हणून अरुंधतीशी बोलत होत्या. माहेरी कोण कोण, असं त्यांनी विचारलं. अरुंधतीनं सांगितलं, "एकच भाऊ. दारांचा धंदा आहे त्याचा." गाडी नेमकी भाताणच्या बोगद्यात शिरली आणि त्या खरखरीत माईंना ऐकू आलं, दारूचा. विश्वजीतला हे फार उशिरा कळलं, पण आपण आताच सांगून टाकू, उगाच तुमच्या जिवाला घोर नको.

"कसला म्हणालात?" माईंनी विचारलं.

"दारांचा हो! कळंबोलीला दुकान आहे, हायवेलाच. ट्रकवाल्यांची दिवसभर नुसती रीघ असते." भावाचं कौतुक करायची संधी अरुंधती कधी सोडत नसे. "हॉस्पिटलं, कॉलेजं, आता तर शाळांनासुद्धा तोच पुरवतो."

"शाळांना!"

"हो ना. लहान मुलांना झेपतील अशी हलकी वेगळी ठेवलीत त्यानं."

माईंनी गाडीत पाणी मागितलं म्हणे.

"आणि... स्वतः?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"स्वतः तर विचारूच नका, त्याला दुसरा विषयच नाही. कुणाच्या लग्नाला गेला तरी आधी दार बघणार, मग नवरा-नवरी. आम्ही आता बोलणंच सोडलंय."

दोन दिवसांनी निनादच्या आईचा फोन आला. फार अवघडून, फार गोड बोलून तिनं सांगितलं की मामांचा जो काही व्यवसाय आहे, त्यावर आम्ही बोलणार नाही. पण मुलीला बोहल्यावर त्यांनी आणू नये, एवढी माईंची इच्छा आहे. दुसरा कुणी मामा असेल तर बरं.

"दारांत काय वाईट आहे?" विश्वजीतनं विचारलं. त्याला खरंच कळेना.

"हार्डवेअर म्हणजे त्यांना कमी वाटत असेल," कुमार म्हणाला. हा अरुंधतीचा नवरा, बँकेत अधिकारी. भांडण दिसलं की त्याला लगेच भूक लागायची. "आता वाढवू नका. एक दिवसाचा तर प्रश्न आहे."

रेवानं आकाशपाताळ एक केलं. "मामा नसेल तर मी बोहल्यावर चढणारच नाही," म्हणाली. विश्वजीतनंच तिला समजावलं. फोन करून माईंना कारण विचारावं, असं त्याच्या मनात दहा वेळा आलं. पण अपमान झालेल्या माणसानं वर आपणच खुलासा मागायचा, हे त्याला जमेना. त्याला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. सोवळं त्यानं कपाटात ठेवलं आणि कपाटाचं दार, आयुष्यात पहिल्यांदाच, आपटून लावलं.

मामा म्हणून डोंबिवलीचा वरद ठरला. अरुंधतीचा चुलतभाऊ, दिसायला रुबाबदार, रेवाला शेवटचं भेटला तेव्हा ती दुसरीत होती.

लग्नाचा हॉल पनवेलातलाच, नवा, वातानुकूलित. त्याचं मुख्य दार दोन झडपांचं, दोन्ही झडपा भिंतीला लावून धरलेल्या, आणि धरणारी मॅग्नेटं विश्वजीतनंच बसवलेली. दुसरं काही काम नव्हतं म्हणून तो सकाळपासून दाराशीच उभा होता. येणाऱ्यांना वाटे, स्वागताला उभे आहेत. त्याच्या अंगावर अत्तर शिंपडून लोक आत जात.

मुहूर्ताच्या जरा आधी अनुष्का नावाची इव्हेंटवाली एक मशीन घेऊन आली.

"हे काय?" विश्वजीतनं विचारलं.

"फॉग मशीन, काका. ब्राइडची एंट्री ढगातून आहे."

"बाई, धूर झाला की अलार्म वाजेल आणि माझी दारं सुटतील."

"काका, हा धूर नाहीये. फॉग आहे."

"ते मला सांगितलंत. वर छताला लावलंय त्या यंत्राला कोण सांगणार?"

अनुष्का गोड हसली आणि तिनं बटण दाबलं.

आत गुरुजी माइकवर म्हणाले, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!" बाहेर ढग उठले. ढगांत रेवा, तिच्यामागे वरद. एवढ्यात छतावरून असा भोंगा सुरू झाला की सनईवाल्याच्या हातून सनई पडली. दोन्ही मॅग्नेटं टकटक करून सुटली आणि ती जड दारं रेवाच्या तोंडावर मिटायला निघाली.

विश्वजीत मध्ये घुसला. एका झडपेला पाठ लावली, दुसरीला पाय आणि दोन्ही हात, आणि उंबऱ्यात तिरका होऊन राहिला. "कोणी घाबरू नका, आग नाहीये!" तो ओरडला. पण आग हा शब्द तेवढा लोकांना नीट ऐकू गेला. वरदमामा मागे न बघता जिना उतरून थेट पार्किंगमध्ये गेला. पाहुण्यांनी आपत्कालीन मार्ग धरला. तो भोजनगृहातून जात होता, त्यामुळे बहुतेक जण तिथेच थांबले आणि पानांवर बसले.

"रेवा, ये आत, मी धरलंय!"

"मामा घेऊन आल्याशिवाय मुलगी येत नसते," रेवा म्हणाली आणि पदर सावरून तिथेच उभी राहिली. "आणि तो वरदमामा पळाला."

आत गुरुजी हाका मारतायत, बाहेर नवरी हटून बसलीय आणि हलता येत नाही असा विश्वजीत मध्ये. दार सोडावं तर रेवा बाहेर राहते, धरावं तर तिला नेणार कोण? तेवढ्यात धुक्यातून माई आल्या. त्यांना दिसलं ते असं: नवरीचा मामा उंबऱ्यात वाकडा पडलाय, डोळे लाल, तोंडाला फेस यायचा बाकी.

"मामा, सरळ उभे राहा!"

"नाही जमत, माई."

"निदान आज तरी सोडायची होतीत!"

भोंगा कानाशी कोकलत होता. विश्वजीतला फक्त सोडायचं ऐकू आलं. "आज? आज कसं सोडणार? आज सोडलं तर सगळंच संपलं!"

माईंचा आवाज एकदम मऊ झाला. असे रुग्ण त्यांनी खूप पाहिले होते. "सुटतं हो, मामा. मनात आणलं की सुटतं. एकदम नाही, हळूहळू."

"हळूहळूच सोडायचं असतं," विश्वजीत धापा टाकत म्हणाला. "एकदम सोडलं की माणूस आपटतो."

"बघा! म्हणजे कळतंय तुम्हाला सगळं."

"एवढी रेवा आत जाऊ द्या. मग लगेच सोडतो."

"सगळे हेच म्हणतात. पोरीचं लग्न झालं की सोडतो!"

"माई," रेवा मध्ये पडली, "तुम्ही कशाबद्दल बोलताय?"

"दारूबद्दल, बाळ."

रेवानं मेंदीच्या हातानं त्या दारावर दणादण थापा मारल्या. "दारू नाही हो! दार! हे! हे दार! मामा दारं विकतो!"

भोंगा नेमका त्याच वेळी थांबला. माईंचा चेहरा हळूहळू उतरत गेला. हायवेचं दुकान, ट्रकवाले, हॉस्पिटलं, सगळं त्यांनी मनातल्या मनात पुन्हा तपासलं असावं.

"म्हणजे शाळांना..." त्या म्हणाल्या.

"दारं," विश्वजीत म्हणाला. "आणि पाचरी." माहिती अर्धवट ठेवणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

मुख्याध्यापिकेला चूक कबूल करायची सवय नसते. "चुकलं माझं," त्या शेवटी म्हणाल्या. "न विचारता तुम्हाला दूर ठेवलं मी. फार चुकलं."

विश्वजीतचे डोळे भरून आले, आणि आता त्याला फॉगचं निमित्तही राहिलं नव्हतं.

"पण मुहूर्त जातोय," तो म्हणाला. "मॅग्नेटं अजून धरत नाहीत, आणि मी दार सोडलं तर..."

माईंनी मागे वळून हाक मारली. भोजनगृहातून कुमार आला, गाल फुगलेले. "तोंडातली जिलबी गिळा आणि ही बाजू धरा," माई म्हणाल्या. कुमारनं गिळली आणि धरली. मग त्या एवढ्याशा बाईनं पैठणीचा पदर खोचला, दुसऱ्या झडपेला पाठ टेकवली आणि पाय रोवले.

"जा, मामा. मी धरलंय."

विश्वजीत ताठ झाला. शर्टाच्या बाह्या खाली ओढल्या, रेवाच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि माईंच्या समोरून तिला घेऊन आत गेला. गुरुजींनी घाईघाईनं अंतरपाट धरला. चार पावलं गेल्यावर त्याच्यानं राहवेना. तो मागे वळला, "माई, गुडघा जरा वाकवा, म्हणजे जोर कमरेवर येत नाही, आणि बोटं फटीत..."

"मामा," रेवा म्हणाली, "पुढे बघ ना आता."