हाकेवरचा उतार

चढ

चढाला घड्याळ नसतं. हे वनिताला पहिल्याच दिवशी कळलं आणि तिला हायसं वाटलं. एन्ड्युरो नावाच्या या सायकल शर्यतीत डोंगर चढायचा तो आपापल्या दमानं. वाटलं तर सायकल ढकलत, गप्पा हाणत, मध्येच बसून बिस्किटं खात. वेळ मोजतात ती फक्त उताराची. वर पोचलं की मनगटावरची चिप खांबावरच्या डबीला टेकवायची आणि मग पायवाटेनं, दगडगोट्यांवरून, घळीतून, ज्याला जितक्या लवकर खाली पोचता येईल तितक्या लवकर.

"चढताना माणूस, उतरताना धोंडा," बंटी म्हणायचा. "एवढं जमलं की झालं."

बंटी तिचा चुलतभाऊ. भोरच्या एसटी स्टँडमागं त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान. शनिवार-रविवारी पुण्याहून येणाऱ्या, दोन्ही चाकांना शॉकअप असलेल्या महागड्या सायकली त्याच्याकडं पंक्चरला यायच्या. त्यांच्यामागं हिंडता हिंडता तो स्वतःच त्या नादाला लागला. एका पुणेकराची जुनी सायकल त्यानं बरेच दिवस फुकट काम करून पदरात पाडून घेतली आणि वनिताला दिली.

वनिता वरव्याजवळच्या एका कारखान्यात पॅकिंगला जायची. भोंगवलीला तिचे आई-बाप एकामागोमाग गेले तेव्हा ती तिसरीत होती. तिला आणायला कमळाबाईकाकी आली, आणि काकीबरोबर बंटी. "ही आपल्यातच ऱ्हानार," असं त्यानं परतीच्या एसटीतच जाहीर करून टाकलं. काकी हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. तेव्हापासून त्या घरात वनिताची जागा म्हणजे बंटीच्या शेजारी. ताट त्याच्या शेजारी, अंथरूण त्याच्या पलीकडं. तो नसला तर त्या घरात आपण कुठं बसायचं, याचा विचार करायची पाळी तिच्यावर कधी आलीच नव्हती.

उतार

सीट खाली उभं राहायचं गुडघे मोडून कोपरं बाहेर दोन बोटं ब्रेकवर नजर चाकापुढं नाही वाटेवर ठेव वाटेवर आणि वाट तर संपतेच की, करवंदीच्या जाळीमागं वळते, आणि जाळीमागं काय आहे, दरी आहे, मोळीवाली बाई आहे, गाय आहे, ब्रेक ब्रेक ब्रेक मागचं चाक मुरमावर फरफटलं आणि वनिता जाळीत

चढ

"जाळी लई आवडलीया व्हय तुला?" बंटीनं तिच्या मानेतला काटा काढत विचारलं. "सारखी तिच्याच गळ्यात पडतीस. सोयरीक जमवू का?"

"गप ए. वळनापुढचं दिसत न्हाई मला."

"दिसाया कशाला पायजे? ब्रेक दाबलास की चाक घसरतं. तू भितीस म्हणून पडतीस, आन पडतीस म्हणून भितीस."

"आन वळनामागं कोन उभं आसलं तर, दादा?"

बंटी हेल्मेटचा पट्टा चघळत राहिला. विचार करताना त्याची ती खोड होती.

"मी उभा ऱ्हातो," तो म्हणाला. "वाट मोकळी आसली की मी 'हो' म्हणतो. हो आलं की बोटं सोडायची. डोळ्यावं नगं, माझ्या आवाजावं उतर."

"आन न्हाई आलं तर?"

"तर थांब, आन मला हुडकाया ये. मीच जाळीत आसंन."

उतार

जाळी आली, वाट मुडपली, बोटं घट्ट, आणि खालून होऽऽ, बोटं सुटली, सायकल अशी गेली की जणू डोंगरानंच ओंजळीत धरून पलीकडं ठेवली, पुढचं वळण, होऽऽ, त्यापुढचं, होऽऽ, आणि वनिता हसतेय, मोठ्यानं, तोंडात धूळ, कारखाना नाही, पट्टा नाही, सुपरवायझर नाही, भोंगवलीचं घर नाही, होऽऽ

चढ

ती खरोखर शिकली. पावसानंतरचे सगळे रविवार दोघांनी वेल्ह्याच्या डोंगरात घातले. बंटी खाली जाऊन वळणावर उभा राही, हाक घाली, वनिता उतरे. पुढंपुढं तिच्या बोटांना विचारच करावा लागेना. कानात हो पडलं की बोटं आपोआप उघडायची, पाऊस लागला की हात डोक्यावर जातो तशी.

पहिली शर्यत थंडीत होती, वेल्ह्याच्या अलीकडच्या एका वाडीमागच्या डोंगरावर. गवत वाळलेलं, वाटेवर सुटा मुरूम. पुण्याचे बरेच जण, काही थेट बंगळूरचे. एकेकाला थोड्या थोड्या वेळानं सोडायचे. बंटीच्या पाठोपाठ वनिताचा नंबर.

"आज हो कोन म्हणनार?" तिनं सायकल ढकलत विचारलं.

"आज कोन न्हाई. आज तुझं तू. वळनाला ब्रेक दाब, शेवटचा नंबर आला तर काकी घरात घ्यायची न्हाई आसं काय न्हाई."

धोक्याच्या वळणांवर शर्यतवाल्यांनी वाडीतली माणसं बसवली होती. अंगात पिवळं जाकीट, गळ्यात शिट्टी. तिसऱ्या उताराच्या त्या उघड्या कातळाच्या वरच्या अंगाला रखमाजी नावाचा म्हातारा बसला होता. जाकीट बंडीवर चढवलेलं, त्यामुळं तो फुगलेला दिसत होता.

"पोरी, तू बी उतरनार व्हय?" त्यानं विचारलं. "घरी सांगून आलीस न्हवं?"

"बाबा, खाली कोन पडलं तर वरच्याला वरडून सांगा बरं का," बंटी म्हणाला.

"सांगतो की. घसा हाय अजून माझा."

उतार

चिप टेकली गेली वनिता पहिलं वळण ब्रेक दुसरं ब्रेक, चुकतंय, वेळ जातोय, दादाची धूळ अजून हवेत आहे म्हणजे तो फार पुढं नाही, तिसरं वळण, घळ, मुळं, कोपरं बाहेर, आता ते कातळाचं, पुढचं काही दिसत नाही, बोटं आवळली, आणि वरून खालून कुठून तरी होऽ होऽ होऽ आवाज बंटीचा नव्हता बोटांना ते कळलं नाही होऽ होऽऽ बोटं सुटली चाकं सुटली वळणाच्या पलीकडं कातळ आणि कातळावर निळा शर्ट

सपाट

बंटी आधी पडला होता, साधंच. चाक घसरलं, खांदा आपटला, उठतच होता. वनिताच्या सायकलचं पुढचं चाक त्याच्या मानेच्या मागं बसलं. वनिताचं मनगट मोडलं आणि दोन दात गेले. बंटीचं मानेखालचं सगळं गेलं.

पुण्याच्या दवाखान्यात तो शुद्धीवर आला तेव्हा पहिल्यांदा त्यानं वनिताचीच चौकशी केली. मग आईला सांगितलं, "वनीला काय बोलू नगं. मी खाली पडून आईकत हुतो सगळं. त्यो म्हातारा हो हो करीत हुता. मला वाटलं, आरं, ह्यो का बोलावतोय तिला? मी हितं पडलोय आन ह्यो तिला ये म्हणतोय."

शर्यतवाल्यांनीही फोनवर तेच सांगितलं. वळणावरचा माणूस गावचा होता, त्याचा गोंधळ झाला. त्यांना ते सोयीचं होतं. बंटीला सोयीचं होतं. कमळाबाईला तर ते हवंच होतं. एरवी सकाळ-संध्याकाळ पोराची कूस बदलताना समोरून ज्या पोरीनं त्याचे पाय धरायचे, तिच्याकडं तिनं कोणत्या डोळ्यांनी पाहायचं? म्हाताऱ्याची चूक होती, म्हणून त्या घरात तिघांनाही जागा होती. काकी वनिताला वाढायची. "जेव," म्हणायची. कधी तिच्या मोडक्या हाताला तेल लावून द्यायची आणि बोटं चोळता चोळता म्हाताऱ्याला शिव्या घालायची.

वनिता जेवायची. त्या एका शब्दाच्या आसपास ती मनातसुद्धा फिरकायची नाही.

चढ

शेवटी कमळाबाईनं पदर खोचला. शेजारच्या कुंडलिकचा टेम्पो निघाला होता वेल्ह्याकडं, माल घेऊन.

"चल," ती वनिताला म्हणाली. "त्याला एकदा तोंडावं इचारायचंय. तू संगं पायजेस. तू सांग त्याला काय आईकलंस ते."

"काकी, जाऊ द्या. म्हातारा मानूस."

"माझं पोरगं म्हातारं हुयाचं न्हाई आता, त्याचं काय?"

टेम्पोच्या पुढच्या सीटवर तिघं दाटीवाटीनं बसले. काकीचा खांदा वनिताच्या खांद्याला वाटभर टेकलेला होता.

रखमाजी अंगणातच होता, कडबा तोडत. त्याची बायको रतनबाई जोत्यावर बसली होती. वनिताला बघून म्हाताऱ्यानं कोयता खाली ठेवला.

"तुमीच का हो म्हणनारं?" कमळाबाईनं उभ्यानंच विचारलं.

"मीच. पोरगं कसं हाय?"

"हातरुनात हाय. मान हालतीया तेवढी."

म्हातारा कडब्यावर बसला. "म्या लई वरडलो, बाई. पोरगं कातळावं आडवं, आन वरनं चाकाचा आवाज. शिट्टी दिली हुती त्यांनी, ती तोंडात घ्याचं बी सुदरलं न्हाई. हो हो करून घसा फाटला. पर ही काय थांबली न्हाई."

"थांबंल कशी?" कमळाबाईचा आवाज चढला. "तुमी हो म्हणलासा! मोकळं हाय, ये, म्हणून सांगितलंसा! आमच्या पोरानं तिला तसंच शिकिवलं हुतं!"

रखमाजीनं तिच्याकडं असं पाहिलं, जणू विचारत होता, ही बाई कुठल्या मुलखातनं आली.

"हो म्हणल्यावं येतंय व्हय कुनी?" तो म्हणाला. "औताला हो कशाला म्हणत्यात, बाई?"

कमळाबाईचं माहेर सारोळ्याचं, नदीकाठच्या शेतीचं. लग्न करून भोरच्या बाजारपेठेत आली, पोरगं बाजारपेठेत वाढलं, त्यानं बैल पाहिले ते रस्त्यावरून जाताना. पण तिला कुणी सांगावं लागणार नव्हतं.

"थांबाया," ती हळूच म्हणाली.

मग ती वनिताकडं वळली.

"तुझा बाप लोकांचं औत हाकायचा."

"व्हय."

"कुळवावं वजनाला तुलाच बशिवायचा. मी बगितलीया तुला. डोळं तेवढं दिसायचं, बाकी समदी माती."

"व्हय, काकी."

"मग तुला ठावं न्हवतं?"

दादानं येगळं शिकिवलं हुतं, असं म्हणता आलं असतं. खोटंही नव्हतं ते. पण त्या वळणावर, बोटं सुटण्याच्या आधीच्या त्या निमिषात, कानात दोन्ही हो आले होते. बापाचा आधी आला होता. आणि बापाच्या हो ला थांबावं लागलं असतं, आणि घड्याळ चालू होतं.

"ठावं हुतं," वनिता म्हणाली.

कमळाबाईनं मान हलवली, भाव ऐकून घेतल्यासारखी. रतनबाईनं चहा आणला. काकीनं फुंकर घालत तो सगळा प्याला, कप विसळून जोत्यावर पालथा ठेवला.

"तुमी तुमचं काम केलंसा," ती रखमाजीला म्हणाली.

"पोराला इचारलं म्हणून सांगा," म्हातारा म्हणाला.

ती टेम्पोकडं गेली, पुढं चढली आणि हातातली पिशवी शेजारच्या जागेवर ठेवली. कुंडलिकनं एकदा पिशवीकडं पाहिलं, एकदा अंगणात उभ्या वनिताकडं.

"मावशी, ही?"

"हिकडनं यष्टी हाय."

"हिला घेऊन जातो की, जागा हाय..."

"कुंडलिक, माझं पोरगं एकटं हाय घरी. चल."

टेम्पो मागं घेऊन त्यानं वळवला. जाताना खिडकीतून हात बाहेर काढून काहीतरी खूण केली. थांब, किंवा ये पाठीमागनं, किंवा मी काय करू. वनिताला कळली नाही.

"आता कुठली यष्टी? सकाळच्याला येती ती," रतनबाई म्हणाली, आणि दुसरा कप भरायला आत गेली.